वाचकांचे प्रश्न : 'गो' कुठून आलं आणि 'वेंट' कुठून?

इंग्रजी क्रियापदांबद्दल प्रश्न पाठवा, असं आवाहन गेल्या अंकात केलं होतं. कोल्हापूर शहरातून आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांत 'गो' या क्रियापदाचीच विचारणा सर्वांत जास्त निघाली. दोन अक्षरांचा हा शब्द पहिलीतल्या मुलालाही येतो, पण त्याची रूपं आणि त्याचा इतिहास मोठ्यांनाही चकवतो. म्हणून या वेळचं सगळं सदर त्याला दिलं आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि इंग्रजी शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत.

प्रश्न : सहावीच्या वर्गात मुलं विचारतात, 'प्ले'चं 'प्लेड', 'वॉक'चं 'वॉक्ड', मग 'गो'चं 'वेंट' कसं? त्यात 'ग' कुठं आहे? आम्ही 'पाठ करा' म्हणून विषय संपवतो. मुलांना पटेल असं कारण आहे का? (एक शिक्षिका, राजारामपुरी)

आहे. 'वेंट' हे मुळात 'गो'चं रूपच नाही. ते 'वेंड' नावाच्या दुसऱ्याच क्रियापदाचं भूतकाळी रूप आहे. फळ्यावर एकाखाली एक लिहा : सेंड-सेंट, बेंड-बेंट, लेंड-लेंट, स्पेंड-स्पेंट. आता त्याखाली वेंड-वेंट लिहा. शेवटच्या 'ड'चा 'ट' होतो, एवढाच नियम. 'वेंट' अगदी नियमात बसणारं रूप आहे, फक्त ते आज चुकीच्या घरात नांदतं.

जुन्या इंग्रजीत 'वेंडन' म्हणजे वळणं, वळवणं. दोरा गुंडाळतो त्या अर्थाचं 'वाइंड' आणि भटकण्याचं 'वाँडर' हे त्याचेच भाऊबंद. वळणं या अर्थावरून 'त्या दिशेला निघणं' आणि पुढे 'जाणं' असा अर्थ सरकत गेला. त्या काळी 'गो'चं रूप 'गान' असं होतं आणि त्याचा भूतकाळ होता 'एओदे'. हे 'एओदे'सुद्धा 'गान'पासून तयार झालेलं नव्हतं, म्हणजे 'गो'चा भूतकाळ पहिल्यापासूनच उसना. पुढे झिजून त्याचं 'येडे' झालं. चौदाव्या शतकातल्या चॉसर या इंग्रज कवीच्या लेखनात 'येडे' आणि 'वेंटे' दोन्ही भेटतात. १५०० च्या सुमारास इंग्लंडच्या दक्षिणेकडे 'वेंट'ने बाजी मारली आणि 'येडे' बाजूला पडलं. आपला भूतकाळ दुसऱ्याने नेल्यामुळे 'वेंड'ला 'वेंडेड' हे नवं रूप करून घ्यावं लागलं. 'वेंड युअर वे' या वाक्प्रयोगात ते क्रियापद अजून तग धरून आहे. स्कॉटलंडकडच्या बोलीत मात्र 'गे'पासून 'गेड' असा सरळ भूतकाळ झाला. म्हणजे तुमच्या वर्गातली मुलं 'गो'चं जे सरळ 'गोड' रूप मागतात, तसंच तिथं खरंच बोललं जातं.

मग मुलांना उलटा प्रश्न विचारा : 'खातो'चं 'खाल्ला', 'पितो'चं 'प्याला', मग 'जातो'चं 'जाला' का नाही? 'गेला' का? आपल्याकडेही हाच प्रकार घडला आहे. 'जाणे' आलं संस्कृत 'या' धातूपासून. याति, मग प्राकृतात जाइ, मग मराठीत जातो. शब्दाच्या सुरुवातीच्या 'य'चा 'ज' होणं हा आपल्या भाषेचा नेहमीचा रिवाज : यादवचं जाधव, योगीचं जोगी, यात्रेची जत्रा. (जोतिबाची 'जत्रा' आणि 'जाणे' यांचा धातूसुद्धा एकच आहे.) 'गेला' मात्र 'गम्' धातूच्या 'गत' या रूपापासून. गत, गअ, त्याला 'इल्ल' हा प्रत्यय लागून गेला. 'कृत'पासून केला, 'मृत'पासून मेला, त्याच साच्यातला. 'येतो' आणि 'आला' हीसुद्धा दोन वेगळ्या धातूंची जोडी आहे : 'येतो'त 'इ' धातू, 'आला'त 'आगत'.

फ्रेंच भाषेत तर 'जाणे' या एका क्रियापदात तीन लॅटिन धातूंची रूपं एकत्र आली आहेत. 'मी जातो'साठी 'व्हे', 'आपण जातो'साठी 'आलों', आणि भविष्यकाळाचं 'इरे' तिसऱ्याच मुळाचं. स्पॅनिशमध्ये 'मी गेलो' आणि 'मी होतो' यांना एकच रूप आहे, 'फुई'.

हे नेमकं नेहमीच्या क्रियापदांतच का टिकतं? क्वचित वापरलं जाणारं वेडंवाकडं रूप लोक विसरतात आणि त्या जागी नियमित रूप घालतात. 'हेल्प'चा जुना भूतकाळ 'होल्प' होता, तो गेला आणि 'हेल्प्ड' आलं. 'गो' मात्र दिवसातून शंभरदा कानावर पडतं. इंग्रज मुलंही लहानपणी 'गोड' म्हणतात, आपली मुलं 'मी करला' म्हणतात तशीच, पण आजूबाजूला 'वेंट' आणि 'केला' इतकं ऐकू येतं की शाळेत जायच्या आत ती सुधारतात.

एक फरक सांगायला विसरू नका. 'गेला' हे मुळात विशेषण, म्हणून ते कर्त्याप्रमाणे बदलतं : गेला, गेली, गेले. (कोल्हापूरकडच्या मुली 'मी गेलो, मी आलो' म्हणतात, तेवढा अपवाद.) 'वेंट' पहिल्यापासून शुद्ध क्रियापद, त्यामुळे त्याला लिंग नाही, आणि आज ते वचनाप्रमाणेही बदलत नाही.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर फिरतंय की इंग्रजी 'गो' हे संस्कृत 'गम्' किंवा 'गो' म्हणजे गाय यावरून आलं. 'गच्छति इति गौः' असं वचनही दिलंय. खरं काय? (एक वाचक, गडहिंग्लज)

इंग्रजी 'गो' संस्कृतातून आलेलं नाही. दोन्ही भाषा एका जुन्या भाषेच्या वंशज आहेत, त्यामुळे नातं आहे, पण ते फिरत्या मजकुरात सांगितलंय तिथं नाही. 'गम्'चा इंग्रजी भाऊ आहे 'कम', म्हणजे येणं.

हे कशावरून ठरतं? आजचे दोन शब्द कानाला सारखे लागले म्हणून नव्हे. आवाजांतले बदल ठरावीक पद्धतीने होतात, हे जर्मन भाषाभ्यासक याकोब ग्रिमने १८२२ मध्ये नियमाच्या स्वरूपात मांडलं. संस्कृतात जिथं 'ग' किंवा 'ज' असतो, तिथं इंग्रजीत 'क' येतो. गौः आणि 'काउ'. जानु म्हणजे गुडघा आणि 'नी', ज्याच्या स्पेलिंगमध्ये सुरुवातीला अजून 'के' लिहितात. ज्ञा आणि 'नो', म्हणजे जाणणं, तिथंही न उच्चारलेला 'के' आहेच. त्याच ओळीत गम् आणि 'कम'. त्यामुळे 'गौः'चं नातं 'काउ'शी लागतं, 'गो'शी नाही.

आता इंग्रजीत 'ग' असेल तर संस्कृतात काय सापडतं? बऱ्याचदा 'ह'. हंस आणि 'गूस'. हिरण्य आणि 'गोल्ड'. त्या हिशोबाने 'गो'चा जोडीदार 'ह'ने सुरू व्हायला हवा. बहुतेक अभ्यासक तो 'हा' धातूत पाहतात : जहाति म्हणजे सोडतो, जिहीते म्हणजे निघून जातो. आपल्या 'हानी' आणि 'हीन' या शब्दांत तोच धातू आहे. जे सुटून गेलं ती हानी. व्हॉट्सॲपवरच्या जोडीपेक्षा ही जोडी कितीतरी सुंदर आहे, असं आम्हाला वाटतं.

पुढच्या वेळी असा मजकूर आला तर तीन गोष्टी तपासा. पहिली, दोन्ही शब्दांची सर्वांत जुनी रूपं घेतली आहेत का? आजचं 'गो' हे हजार वर्षांपूर्वी 'गान' होतं, त्याच्याशीच तुलना व्हायला हवी. दुसरी, तोच आवाजाचा बदल आणखी तीन-चार शब्दांत दाखवता येतो का? एकच जोडी असेल तर तो योगायोग असू शकतो. तिसरी, शब्द उसना तर घेतलेला नाही ना? इंग्रजीतलं 'योगा' संस्कृतासारखं दिसतं, कारण ते तिथूनच उचललं आहे. त्यावरून नातं सिद्ध होत नाही.

प्रश्न : कोल्हापुरात 'सर्किट बेंच' आलं. विजेच्या सर्किटचा आणि न्यायालयाचा काय संबंध? (एक वकील, शाहूपुरी)

संबंध जाण्याचाच आहे, म्हणून प्रश्न या सदरात बसतो. लॅटिनमध्ये 'सिर्कुम' म्हणजे भोवती आणि 'ईरे' म्हणजे जाणं. दोन्ही मिळून फेरी, फिरून मूळ जागी येणं. वीज तारेतून निघून फिरून परत येते ते सर्किट. इंग्लंडमध्ये बाराव्या शतकात, दुसऱ्या हेन्रीच्या काळात, राजाचे न्यायाधीश ठरलेल्या मार्गाने गावोगाव फिरून खटले चालवू लागले. त्या फेरीलाही पुढे सर्किट म्हणू लागले. न्यायालयाने लोकांकडे जायचं, ही त्यातली मूळ कल्पना. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसू लागलं आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची मुंबईची वारी वाचली, तेव्हा शब्द आपल्या जुन्या अर्थाला जागला.

हा 'ईरे' इंग्रजीत ठिकठिकाणी दडलेला आहे. 'एक्झिट' म्हणजे 'तो बाहेर जातो', नाटकाच्या संहितेतली सूचना. 'ट्रान्झिट' म्हणजे पलीकडे जाणं. 'इनिशियल' म्हणजे आत शिरण्याचं, सुरुवातीचं. 'अँबिशन' म्हणजे रोममध्ये उमेदवारांनी मतं मागत दारोदार फिरणं, त्यावरून महत्त्वाकांक्षा. मृत्युलेखाला 'ओबिच्युअरी' म्हणतात, त्यातही 'जाणं' आहे. आपण 'अप्पा गेले' म्हणतो तसंच.

आणि 'ईरे'चा संस्कृत भाऊ म्हणजे 'इ' धातू. उदय, उत्तरायण, समिती या शब्दांत तो आहे, आणि वर सांगितल्याप्रमाणे आपल्या 'येणे'तही. म्हणजे दारावरची 'एक्झिट'ची पाटी आणि 'ये, आत ये' यांचं कूळ एक. जाता जाता आणखी एक : जानेवारी ज्याच्या नावावरून आला तो रोमन देव यानुस हा दारांचा आणि वाटांचा देव. त्याच्या नावाचं मूळ बहुतेक कोशकार 'जाणं' याच अर्थाच्या, आपल्या 'या' धातूशी जुळणाऱ्या मुळात शोधतात. तसं धरलं तर 'जानेवारी' आणि 'जाणे' एकमेकांचे नातलग ठरतात.

प्रश्न : 'दोन वर्षांपूर्वी' याचं मी 'बिफोर टू इयर्स' लिहितो. शिक्षक 'टू इयर्स अगो' करून देतात. 'पूर्वी' म्हणजे 'बिफोर'च ना? (दहावीतला विद्यार्थी, कागल)

'अगो' या शब्दात 'गो' आहे. जुनं रूप 'अगॉन', म्हणजे निघून गेलेलं, सरलेलं. 'टू इयर्स अगो' म्हणजे शब्दशः 'दोन वर्षं गेली'. मराठीत आपण 'दोन वर्षं झाली' किंवा 'होऊन गेली' म्हणतो तेव्हा वर्षं आधी आणि 'गेली' नंतर येतं. इंग्रजीतही तोच क्रम, म्हणून 'अगो' नेहमी मागे.

'अगो' आजपासून मागे मोजतं. म्हणून त्याच्यासोबत साधा भूतकाळ : 'आय वेंट टू पन्हाळा टू इयर्स अगो'. 'आय हॅव गॉन... अगो' चालत नाही, कारण 'हॅव' आल्यावर काळाची नेमकी खूणगाठ सांगता येत नाही. मोजणी आजपासून नसून भूतकाळातल्या एखाद्या घटनेपासून असेल तर 'बिफोर' येतं आणि तेही मागेच : 'ही हॅड लेफ्ट टू इयर्स बिफोर', म्हणजे त्या प्रसंगाच्या दोन वर्षं आधी. संख्येच्या आधी 'बिफोर' ठेवायची सवय मोडा. 'बिफोर द एक्झाम' बरोबर, कारण तिथं परीक्षा ही घटना आहे, कालावधी नाही.

प्रश्न : 'आय हॅव वेंट' चूक आहे हे कळतं, तरी बोलताना निघून जातं. आणि 'हॅज गॉन टू मुंबई' व 'हॅज बीन टू मुंबई' यांत फरक काय? (मुलाखतीची तयारी करणारी तरुणी, इचलकरंजी)

चुकीचं मूळ मराठीत आहे. 'मी गेले' आणि 'मी गेले होते' या दोन्हींत आपण 'गेले' हे एकच रूप वापरतो. (बोलताना तर दोन्ही मिळून 'गेल्ते', 'गेल्तो' होतं.) इंग्रजीत मात्र तिथं दोन वेगळी रूपं लागतात. एकटं असेल तर 'वेंट'. आधी 'हॅव, हॅज, हॅड' यांचा आधार असेल तर 'गॉन'. 'गॉन' हे खरं 'गो'च्या घरातलं रूप आहे, ते कुणाकडून उसनं घेतलेलं नाही.

बोलण्याआधी मराठी वाक्याच्या शेवटी 'आहे, होते, असेन, हवं होतं' यांतलं काही आहे का ते बघा. असलं तर बहुधा 'हॅव, हॅज, हॅड' आणि 'गॉन'. नसलं तर 'वेंट'. सर्वांत जास्त घसरण 'जायला हवं होतं' इथं होते : 'शुड हॅव गॉन', 'शुड हॅव वेंट' नव्हे. 'डिड' आलं की दोन्ही नाहीत, मूळ 'गो' : 'डिड यू गो', 'आय डिडन्ट गो'. भूतकाळाचं ओझं 'डिड'ने आधीच उचललेलं असतं.

आता दुसरा भाग. 'ही हॅज गॉन टू मुंबई' म्हणजे तो मुंबईला गेलाय, अजून आलेला नाही. 'ही हॅज बीन टू मुंबई' म्हणजे जाऊन आलाय. 'जाऊन येणं' हे मराठीत दोन क्रियापदांनी सांगतो, इंग्रजी ते 'बी'च्या 'बीन' या रूपाने सांगतं. त्यामुळे मुलाखतीत समोर बसून 'आय हॅव गॉन टू पुणे' म्हणू नका, कारण तुम्ही तर त्यांच्या पुढ्यात आहात. 'आय हॅव बीन टू पुणे' म्हणा. 'इज गॉन' हे तिसरंच : 'माय पर्स इज गॉन' म्हणजे पर्स आता नाही, ती कुठं गेली याला महत्त्व नाही.

प्रश्न : 'गो टू स्कूल' चालतं, मग 'गो टू होम' का नाही? (एक पालक, कदमवाडी)

संस्कृत शिकलेल्यांना हे लगेच कळेल. 'रामः ग्रामं गच्छति' यात गावाला 'कडे' असा कुठलाही शब्द लागत नाही, द्वितीयेतच दिशा आली. जुन्या इंग्रजीतही 'हाम' म्हणजे घर हे तसंच द्वितीयेत ठेवून जाण्याची दिशा सांगत. विभक्ती झिजल्या, 'टू' सगळीकडे आला, पण 'गो होम' हे इतकं तोंडी बसलेलं होतं की ते जुन्याच वळणाने राहिलं. मराठीतही पाहा : 'कोल्हापूरला', 'बाजारात', पण 'घरी' आणि 'गावी'. तिथं जुन्या सप्तमीचा 'ई' शिल्लक आहे आणि आपण 'घराला जातो' म्हणत नाही.

'हिअर, देअर, अब्रॉड, अपस्टेअर्स, समव्हेअर' यांनाही 'टू' नको. पण घर कुणाचं ते सांगितलं की 'टू' परत येतो : 'गो टू हिज होम'.

उलट चूकही होते. आपण 'शाळेत' जातो, 'कामावर' जातो, म्हणून 'गो इन स्कूल', 'गो ऑन वर्क' लिहिलं जातं. दोन्हीकडे 'टू'.

याच पत्रातला 'गो टू स्विमिंग'चा प्रश्न : तिथंही 'टू' नको. पूर्वी 'गो अ-हंटिंग' म्हणत आणि तो 'अ' म्हणजे झिजलेला 'ऑन'. पुढे तोही गळला. म्हणून 'गो स्विमिंग', 'गो फिशिंग', 'गो शॉपिंग'. रंकाळ्यावर फिरायला जायचं असेल तर 'गो वॉकिंग' किंवा 'गो फॉर अ वॉक'. क्रिकेटला मात्र हे रूप शोभत नाही. 'गो टू प्ले क्रिकेट' किंवा 'गो अँड प्ले' म्हणा.

प्रश्न : फिजिओथेरपीत चालण्याच्या ढबीला 'गेट' म्हणतात. ते 'गो'वरून आलं का? (विद्यार्थिनी, कोल्हापूर)

नाही, आणि ही फसगत सहज होते. ते उत्तरेकडच्या नॉर्स भाषेतल्या 'गाता' म्हणजे वाट या शब्दावरून आलं. वाट, मग वाटेने जाण्याची पद्धत, मग चाल. इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात 'स्टोनगेट', 'कॉपरगेट' अशी नावं आहेत, तिथं 'गेट' म्हणजे रस्ता. आपल्या गंगावेशीत मात्र खरोखरच वेस, म्हणजे गावचं दार आहे.

अर्थाने 'गो'च्या जवळचा शब्द 'गँग'. जुना अर्थ जाणं, वाटचाल. बरोबर जाणारी, बरोबर काम करणारी टोळी ती गँग. गुंडांचा अर्थ फार नंतरचा. रेल्वेच्या रुळांवर काम करणारा 'गँगमन' आणि जहाजावर चढायचा 'गँगवे' यांनी जुना अर्थ जपला आहे.

प्रश्न : दूध नासलं की 'गॉन ऑफ', लाइट गेली की 'वेंट ऑफ', आणि गजर वाजायला लागला तरी 'वेंट ऑफ'! बंद होणं आणि सुरू होणं एकाच शब्दाने कसं? (गृहिणी, रुईकर कॉलनी)

'ऑफ'चा अर्थ 'बंद' असा धरला की कोडं पडतं. 'ऑफ' हे 'ऑफ द टेबल'मधलं 'पासून दूर' या अर्थाचं आहे, आणि 'बंद' हा अर्थ त्यातूनच नंतर फुटला. प्रश्न एवढाच विचारायचा : कशापासून दूर? लाइट चालू स्थितीपासून दूर गेली, म्हणून बंद. दूध चांगल्या स्थितीपासून दूर गेलं, म्हणून नासलं. गजर, बंदूक, फटाका हे दाबून, अडकवून ठेवलेले असतात. ते त्या थांबलेल्या स्थितीतून सुटले, म्हणून वाजले किंवा उडाले. गजर बंद केला तर 'टर्न्ड ऑफ' म्हणतात, 'वेंट ऑफ' नाही.

'गो'नंतर विशेषण आलं की बहुधा बिघाड कळतो : 'गो बॅड', 'गो सावर', 'गो ब्लाइंड', 'गो बॉल्ड', 'गो बँकरप्ट'. चांगल्याकडे वळलं की 'कम' : 'कम ट्रू', 'कम अलाइव्ह'. आपणही ठिकाण सोडण्याला 'जाणे' आणि मूळपदाला येण्याला 'येणे' म्हणतो : भान गेलं, भान आलं, वीज गेली, वीज आली. पण हा नियम पक्का नाही. 'कम लूज' म्हणजे सैल होणं, त्यात चांगलं काही नाही, आणि 'गो व्हायरल'मध्ये वाईट काही नाही. म्हातारं होण्याला 'गो ओल्ड' म्हणत नाहीत, 'गेट ओल्ड' म्हणतात. श्रीमंत होण्यालाही 'गेट रिच'. प्रत्येक जोडी ऐकूनच शिकावी लागते.

आणि मराठीतलं 'येणे' तसंच्या तसं उचलू नका. आपल्याला ताप येतो, राग येतो, चक्कर येते, पोहायला येतं. इंग्रजीत यांतलं काहीही 'कम' होत नाही.

प्रश्न : निघताना आपण 'येतो' म्हणतो. इंग्रजीत 'आय ॲम कमिंग' म्हटलं तर? (एक वाचक, पन्हाळा)

ऐकणाऱ्याला वाटेल तुम्ही त्याच्याकडे निघालाय. आपल्या 'येतो'त 'परत येईन' हे गृहीत आहे, घरातून जाताना 'जातो' म्हणणं आपण टाळतो. इंग्रजीत असा संकेत नाही, त्यामुळे 'आय मस्ट बी गोइंग' किंवा 'आय विल बी ऑफ' बिनधास्त म्हणा. पण आतून हाक आली आणि आपण 'आलो, आलो' म्हणतो तिथं 'कमिंग' अगदी बरोबर. बोलणाऱ्याकडे किंवा ऐकणाऱ्याकडे जाणं असेल तर इंग्रजीतही 'कम'च लागतं : 'आय विल कम टू युअर हाउस टुमॉरो'.

प्रश्न : सिनेमात 'आय ॲम गॉना टेल हिम' ऐकलं, म्हणून मी 'आय ॲम गॉना कोल्हापूर' म्हटलं तर मित्र हसले. का? (अकरावीतला विद्यार्थी, जयसिंगपूर)

कारण 'गोइंग टू' दोन प्रकारचं आहे आणि आखडतं त्यांतलं एकच. मुळात 'आय ॲम गोइंग टू मीट हिम' म्हणजे 'त्याला भेटायला निघालोय'. भेटायला निघालेल्या माणसाच्या मनात भेटायचा बेत असतोच. तो बेत हळूहळू मुख्य अर्थ झाला आणि पायाने जाणं मागे पडलं. पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून असे वापर सापडतात. आता 'इट इज गोइंग टू रेन' म्हणताना कुणी कुठं जात नाही, आणि 'आय ॲम गोइंग टू गो' हेही बरोबर वाक्य आहे. मराठीत 'काम केलं जातं' किंवा 'मी विसरून गेलो' म्हणताना आपणही कुठं जात नाही.

क्रियापद असं मदतनीस झालं की ते उच्चारात झिजतं. म्हणून 'टू'च्या पुढे क्रियापद असेल तरच 'गॉना' होतं : 'गॉना टेल', 'गॉना रेन'. 'टू'च्या पुढे ठिकाण असेल तर तिथं खरं जाणं आहे आणि 'टू' हा त्या ठिकाणाचा आहे, त्यामुळे पूर्ण 'गोइंग टू कोल्हापूर' म्हणावं लागतं. 'कोल्हापूरला जाणार आहे' हे 'गॉना'नेच सांगायचं असेल तर 'आय ॲम गॉना गो टू कोल्हापूर' म्हणा. परीक्षेच्या पेपरात मात्र 'गॉना' लिहू नका, ते बोलीतलं रूप आहे.